शेऱ्याचा रकाना

चार्ज देताना कपाट रिकामं करावं लागतं.
एकोणतीस वर्षांची जनरल रजिस्टरं,
आणि माझ्या आधीच्यांची, बाइंडिंग सुटलेली,
डांबराच्या गोळ्यांचा वास येणारी.
शेवटचा रकाना शेऱ्याचा. दीड इंच.
त्यात मूल मावत नाही, शब्द मावतो.

सत्तावन सालच्या शाईत: वेडसर.
एकाहत्तर: मुकी. घरी पाठविली.
चौऱ्याऐंशी: पोलिओ. पायऱ्या चढत नाही. नाव कमी केले.
हे आधीच्या भाऊसाहेबांचं अक्षर,
फार सुरेख, वेलांट्या अशा की बघत राहावं.
पुढे अक्षर माझं.
अपंग. मग विशेष गरजा असलेले बालक,
त्याला रकाना पुरेना, मी दोन ओळी केल्या.
मग दिव्यांग.
शब्द वरून इस्त्री करून येत राहिले.
पायऱ्या तेवढ्याच, सात.

नोंद क्रमांक ४१७२. जून अठ्ठ्याण्णव.
वैजयंता पुंडलिक अरिंगळे, वय सहा.
बाप नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, नोटा छापणारा;
भोंगा झाला तसा डबा हातात घेऊनच
जेलरोडला आमच्या शाळेत आला.
आत बोलणं चालू होतं तोवर
मी नाव लिहूनही टाकलं, सवयीनं.
मग हेडमास्तरांचा आवाज,
"सोय नाही हो आमच्याकडे.
ब्रेल कोण शिकवणार? एखादी अंधशाळा बघा."
बाप म्हणाला, कायदा होऊन तीन वर्षं झाली.
(परिपत्रक माझ्याच फायलीत होतं.
मला विचारलं नाही, मी सांगितलं नाही.)

त्यानं खिशातून शंभराची कोरी नोट काढली.
हेडमास्तर खुर्चीतून अर्धे उठले,
"काय हे, अरिंगळे! आम्ही असले पैसे खात नाही."
त्यानं नोट मुलीच्या हातात दिली.
तिनं कडेकडेनं अंगठा फिरवला, थांबली.
"त्रिकोण. शंभर."
मग पन्नासाची. "चौकोन."
मग दहाची.
तिनं बराच वेळ शोधलं. पालथी करून पाहिली.
"बाबा, हिच्यावर काहीच नाहीये."
"नसतंच," बाप म्हणाला,
"ती आम्ही तशीच छापतो."

हेडमास्तर वाईट माणूस नव्हता.
दोघांना चहा मागवला, मुलीला बशीत ओतून दिला.
मी पट्टी धरून लाल रेघ मारली.
शेरा: सोय नाही.
पुढे तिचं काय झालं, माहीत नाही.
कुणी म्हणालं पुण्याला वसतिगृहात,
कुणी म्हणालं, घरीच आहे.

रॅम्प आला अकरा साली,
इतका चढा की खिचडीचा सिलिंडर हातातून सुटला
तर थेट गेटपर्यंत.
तोंडाशी कुंड्या ठेवलेल्या,
तपासणीच्या दिवशी उचलायच्या.
जुनैद तांबोळीच्या आईनं खुर्ची उलटी फिरवली,
आणि पाठमोरी चालत ओढत नेली त्याला वर.
वर पोचल्यावर तो मला म्हणाला,
"काका, कुंड्या मी रोज मोजणार."
आठव्या दिवशी एकही नव्हती.
त्याच्या नावापुढे मी शेरा कोरा ठेवला.
महिन्याभरात वरून फोन:
प्रकार लिहा, टक्के लिहा, अनुदान अडलंय.
लिहिलं. काय करणार.

आज ४१७२ चं पान उलटं केलं,
खाली वर्तमानपत्राची घडी घेतली
आणि संपलेल्या बॉलपेननं मागून दाबत
लाल रेघेशेजारी एक त्रिकोण उठवला.
नीट जमला नाही, एक कोपरा फाटला.
नवा लिपिक बघत होता.
"सर, हे सगळं स्कॅन होणार आहे पुढच्या आठवड्यात."
म्हटलं, होऊ दे.
पण मूळ प्रत रद्दीत देऊ नकोस.
बोट फिरवून बघ, म्हटलं, इथे.
त्यानं फिरवलं.
"काय आहे हे?"